तीन सुतांचा फरक

आत्या सकाळच्या बसने येणार होती, म्हणून आईने घराखालच्या बुटांच्या दुकानातलं कापणीचं टेबल रिकामं करायला घेतलं. वर घरात पाच माणसांना बसायला जागा नव्हती असं नाही. पण या घरातली मोठी बोलणी वर कधी झालीच नव्हती. दुकानाची वाटणी करायची नाही, हे याच टेबलापाशी ठरलं. पंचवीस वर्षांपूर्वी आत्याने नाच शिकायला जाते म्हणून सांगितलं तेही इथेच. त्यानंतर दोन वर्षं तिचे वडील, अप्पा, तिच्याशी बोलले नाहीत. ती सुट्टीत घरी आली की त्यांच्यासमोर बसून बुटांचे तळ घासायची आणि अप्पा भिंतीवर टांगलेल्या, चामडं टोचायच्या आऱ्यांशी बोलायचे.

आईने खिळ्यांचे डबे उचलून फळीवर ठेवले, चामड्याचे तुकडे टोपलीत भरले आणि टेबल ओल्या फडक्याने पुसलं. मग काल संध्याकाळपासून पदराआड ठेवलेला अर्ज बाहेर काढला.

अर्ज लेकीचा, भिंगरीचा होता. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. चालायला लागल्यापासून पोर स्वतःभोवती फिरायची, म्हणून भिंगरी. नृत्य महाविद्यालयाच्या पहिल्या चाचणीला दोनशे जणी होत्या, त्यांतल्या चाळीस निवडल्या, त्यांत ती होती. उद्या सकाळी दहाला दुसरी चाचणी. घेणार अठरा. पहिल्या पानावर सगळं ठीक होतं. दुसऱ्या पानावर एक रकाना होता: जन्मजात शारीरिक फरक किंवा जुनी दुखापत असल्यास लिहावे. त्यापुढे पोरीच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं, 'नाही.'

तिने काही खोटं लिहिलं नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं.

चार वर्षांची असताना आईने तिला एक फ्रॉक शिवला होता. घेर तीनदा मोजून कापला, तरी डावीकडून खाली लोंबायचा. आईने उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा लोंबला. शेवटी सासऱ्यांना दाखवला. अप्पांनी पोरीला अनवाणी भिंतीशी उभं केलं, स्वतः गुडघ्यांवर बसले, कितीतरी वेळ पट्टी लावून बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "सूनबाई, फ्रॉक बरोबर आहे."

डावा पाय आखूड होता. तेव्हा दोन सूत, वाढत्या वयात तीन झाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. डॉक्टर म्हणाला, कित्येकांना असतं, बुटात भर घाला. अप्पांनी घातली. डाव्या बुटात आतून बुचाचा थर, उरलेला फरक उजव्याच्या तळातून काढलेला. बाहेरून दोन्ही बूट जुळ्या भावंडांसारखे. "कुणाला सांगायचं नाही," अप्पा म्हणाले होते. "आपल्याकडे येणारी माणसं बघतेस ना? उंच तळाचा बूट पिशवीत घालून आणतात, वर भाजी ठेवतात."

नवऱ्याला सांगावं असं आईच्या मनात होतं. पण दुकानात वरचं शिवण नवऱ्याचं आणि तळ अप्पांचा, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घालायचं नाही, ही या घरची रीत. नवऱ्याने कधी लेकीच्या बुटात हात घालून पाहिलं नाही. तिने आज सांगू, उद्या सांगू केलं. न सांगितलेली गोष्ट पहिल्या दिवशी चिमूटभर असते. तेरा वर्षांनी ती उचलायला दोन माणसं लागतात.

"आत्तापासून पुसतेस?" बाबा जिन्यावरून खाली आले. "ती काय तपासायला येते आहे?"

"चामड्याचा वास जात नाही हो."

"तिला चालतो. बुटाच्या खोक्यात वाढली ती." त्यांनी स्टूल ओढलं. "मी तिला एका कामासाठी बोलावलंय. कॉलेजात काय काय सोसलं ते पोरीला सांग म्हटलं. सगळं, मीठमसाला लावून. पोर आपोआप जमिनीवर येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर अप्पा आहेत." बाबांनी आवाज खाली आणला. "मला वाटलेलं, अप्पा तिची बाजू घेणार आणि मी एकटा पडणार. आठ वर्षं तेच तिला क्लासला घेऊन जातात. आणि गेल्या आठवड्यात एकदम म्हणाले, कॉलेज नको. मी तर देवाचे आभार मानले. कारण मात्र काही सांगेनात."

आईने अर्ज उलटा करून ठेवला आणि त्यावर डिंकाची बाटली ठेवली.

·

आत्याला भावाचा डाव बसमध्येच कळला होता. तीन दिवसांत त्याने चार वेळा फोन केला होता आणि प्रत्येक वेळी 'तुझा घोटा दुखायचा ना गं तेव्हा' असं विचारलं होतं. ती शाळेत मुलांना नाच शिकवायची. खोटं बोलणारी मुलं तिला पावलांवरूनच ओळखू यायची. भाऊ तर काय, त्याची पावलं लहानपणापासून पाठ.

सगळे बसले. अप्पा टेबलाच्या टोकाला, हातात मेण लावलेला दोरा. भिंगरी आत्याला चिकटून.

"सांग आता," बाबा म्हणाले. "काहीही राखून ठेवू नकोस."

"कसलं सांगू?"

"सोसलंस ते."

"सोसलं कुणी? मी मजा केली."

"झालं," बाबांनी कपाळाला हात लावला. "बसचं तिकीट फुकट गेलं."

भिंगरी हसली. आत्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"पण सांगायचंय मला. कारण मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पहिले सहा महिने मी रोज वाटेत रडत जायचे. ऐक. आपल्या गल्लीत तू एकटी भिंगरी. तिथे अठरा भिंगऱ्या. पहिल्या दिवशी तुला वाटणार, आपण चुकीच्या दारात शिरलो."

"मला आत्ताच तसं वाटतंय."

"छान. म्हणजे एक दिवस वाचला. सकाळी साडेसहाला उभं राहायचं. नाच नाही. तीन महिने नाच नाहीच. उभं राहायचं, चालायचं, पडायचं."

"पडायचं?" बाबांनी विचारलं.

"पडायला शिकवतात. लागू न देता."

"आणि त्याचे पैसे घेतात? आपल्या पायरीवरून गिऱ्हाईकं रोज फुकट पडतात."

"दादा, तुला ऐकायचंय की बोलायचंय?"

"दोन्ही."

"दुपारी वर्ग," आत्या भाचीकडे वळून म्हणाली. "हाडांची नावं, स्नायूंची नावं. तालाचं गणित. कुठल्या देशात माणसं कधी कशी नाचली त्याचा इतिहास. आणि आठवड्याला चार पानं लिहून द्यायची. आज हात उचलला तो खांद्यातून उचलला की पाठीतून. मी लिहिण्यात दोनदा नापास झाले."

"लिहायचं?" भिंगरीचं तोंड उतरलं. तिला ऐकून एवढ्या एकाच गोष्टीची भीती वाटली होती.

"लिहायचं. मग आरसा. भिंतभर. सुरुवातीला तू त्यात फक्त स्वतःचे गुडघे बघणार आणि दुसरीचे हात. आणि एक दिवस बाई त्यावर पडदा ओढतात. तेव्हा कळतं की आपल्याला स्वतःचं काहीच ठाऊक नाही. त्या दिवशी रडू येतं. येऊ द्यायचं. शिकवणाऱ्या काही गोड नसतात. चांगलं झालं तर बोलत नाहीत, वाईट झालं तर नाव घेऊन सांगतात. पण त्यांना राग नसतो, हे कळायला मला वर्ष लागलं. दोघी-तिघी मैत्रिणी अशा मिळतील की जन्मभर पुरतील, आणि एखादी अशी की ती शिंकली तरी तुला वाटेल आपल्यापेक्षा तालात शिंकली."

आईही हसली. अप्पा मात्र दोऱ्याला मेण लावत राहिले. दोऱ्याला केव्हाच पुरेसं मेण लागलं होतं.

"आणि घोटा?" बाबा म्हणाले.

"सांगते ना. दुखणं. प्रत्येकीचं काहीतरी दुखतंच. गुडघा, कंबर, घोटा. माझ्या वर्गातल्या चौघी अर्ध्यावर गेल्या. त्यांना काही सगळ्यांत जास्त दुखत नव्हतं हं. त्या लपवणाऱ्या होत्या. दुखतंय म्हणून सांगणारीला बाई बाजूला बसवतात, मलम लावतात, दोन आठवड्यांनी पुन्हा उभी करतात. लपवणारी एक दिवस उठतच नाही."

आई उठली आणि उगाच चहाचं भांडं आणायला जिन्याकडे गेली.

"बरं, आणि शिकून पुढे?" बाबांनी आता मनापासून विचारलं. "तुझ्या वर्गातल्या किती जणी रंगमंचावर नाचतात?"

"तिघी."

"बघ!"

"एक नाटकांना प्रकाश देते. एक इस्पितळात पडून राहिलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. दोघी माझ्यासारख्या शाळेत. एक बँकेत आहे, आणि दादा, त्या अख्ख्या बँकेत तिच्याएवढं ताठ कुणी बसत नाही."

"म्हणजे पोट भरतं."

"माझं भरलंय की नाही ते तू मघाशी पाहिलंस. सहा पाव खाल्ले."

बाबांना हसू आलं, आणि आपण हसलो याचा त्यांना रागही आला. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. "अप्पा, तुम्ही बोला. माझं काही हिच्यापुढे चालत नाही."

"नको," अप्पा म्हणाले.

"नको म्हणजे?"

"कॉलेज नको. क्लास आहे तो आहे. उद्या जायचं नाही."

भिंगरीने अप्पांकडे पाहिलं. गेला आठवडाभर ती हे ऐकत होती, आणि दरवेळी तिला वाटायचं, पुढचं वाक्य तरी अप्पा बोलतील. ते कधी बोलले नाहीत.

पुन्हा तेच, आत्याला वाटलं. पंचवीस वर्षं गेली, टेबल तेच, माणूस तोच. गळ्याशी आलेला शब्द तिने चहाबरोबर गिळला. रागाने बोललेलं या माणसाच्या कानापर्यंत जात नाही, हे ती एकदा शिकली होती.

"मला तिचा नाच बघू तर दे," ती म्हणाली. "ऊठ गं. चार गिरक्या आणि थांब."

भिंगरीने बूट काढून टेबलाखाली सरकवले. टेबल आणि काउंटरच्या मध्ये दोन माणसं झोपतील एवढी जागा होती. तिने हात उचलले, मान सोडली, आणि फिरली. बाबांनी लेकीचा नाच नेहमी गर्दीतून पाहिला होता, खुर्च्यांवरून माना उंच करून. इतक्या जवळून नाही. पोर थांबली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलो होतो.

"जिथे सुरू केलंस तिथे थांबली नाहीस," आत्या म्हणाली.

"हो." भिंगरी ओशाळली. तिच्या डाव्या पावलापासून सुरुवातीची फरशी वीतभर लांब होती. "मी नेहमी डावीकडे जाते. बाई ओरडतात. लक्ष नसतं माझं."

"पुन्हा कर."

पुन्हा वीतभर. तेवढीच, त्याच बाजूला. आत्या उठून तिच्या मागे उभी राहिली आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर तिने दोन अंगठे ठेवले. बेसावध माणूस इकडे तिकडे जातो. रोज वीतभर डावीकडेच जात नाही. तिचे अंगठे एका रेषेत नव्हते.

"बस," ती म्हणाली, आणि टेबलाखालून बूट उचलून भाचीच्या हातात देताना तिने दोन्ही बुटांत एकेक हात घातला.

तिचाही जन्म याच दुकानातला. वडिलांच्या चेहऱ्यावरून तिला कधी काही कळलं नव्हतं, पण त्यांचा तळ ती अंधारातही वाचू शकली असती. डाव्या बुटात टाचेखाली बूच होतं, पुढे चवड्याकडे इतकं अलगद उतरत गेलेलं की पायाला पायरी लागू नये. वर कातड्याचा थर, कडा रापीच्या पात्याने कागदासारख्या पातळ केलेल्या. इतकं सुंदर काम त्यांनी कुठल्या मंत्र्याच्या बुटातही केलं नसेल.

तिने बूट भाचीच्या हातात दिले. अप्पा उठून मागच्या बाजूला, कातडं भिजवायच्या हौदाकडे गेले होते. ती त्यांच्यामागे गेली.

·

"किती?" तिने विचारलं.

अप्पांनी पाण्यातलं कातडं उलटं केलं. मग म्हणाले, "तीन सूत."

आपण ते मोठ्याने बोललो याचं त्यांना नवल वाटलं. तेरा वर्षं हा आकडा फक्त त्यांच्या बोटांत होता.

"कधीपासून?"

"चार वर्षांची होती."

"आणि दादा?"

"त्याला नाही ठाऊक. सूनबाईला आहे."

"म्हणून उद्या जायचं नाही."

"तिथे तपासतात. अर्जात लिहिलंय. बुटाशिवाय उभी करतील." अप्पांचे हात पाण्यातच होते. "परक्या माणसाच्या तोंडून कळेल तिला, चाळीस पोरींच्या देखत."

"मला वाटलं, तुम्हाला नाचच नको आहे. माझ्या वेळेसारखं."

"तुझ्या वेळी चुकलोच होतो मी. ते सांगायचं राहून गेलं."

आत्याने पंचवीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. ते असं, हौदावर वाकून, दुसऱ्याच्या विषयात आलं. तिने ते जपून बाजूला ठेवलं. आत्ता त्याची वेळ नव्हती.

"अप्पा, क्लासची बाई तिला निष्काळजी म्हणते."

"ठाऊक आहे. मी बाहेर बसलेला असतो."

"ऐकू येतं?"

"दार उघडंच असतं." ते थांबले. "मला वाटायचं, लंगडी म्हणण्यापेक्षा निष्काळजी म्हटलेलं बरं."

"कुणाला बरं?"

अप्पांनी उत्तर शोधलं. इतकी वर्षं ते त्यांच्याकडे होतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. गिऱ्हाईकांची लाज त्यांनी पाहिली होती. पिशवीतले बूट, वरची भाजी. त्यांच्या हातात एक विद्या होती आणि त्या विद्येने एका तरी माणसाला लाज वाटू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पोरीने लाज नाही बाळगली. तिने दोष स्वतःवर घेतला. हे त्यांनी मोजलंच नव्हतं.

"तुम्ही सांगता का मी सांगू?" आत्याने विचारलं.

"मी," अप्पा म्हणाले आणि त्यांनी हात पुसले.

·

पण सांगितलं आईनेच आधी. अप्पा टेबलाशी येऊन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि त्यांचा आवाज निघेना. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. तेव्हा आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि फ्रॉकपासून सुरुवात केली. ती सावकाश बोलली, एकही पायरी न गाळता. 'अप्पा म्हणाले' असं तिने एकदाही म्हटलं नाही. 'आम्ही ठरवलं' म्हणाली.

भिंगरीने सगळं ऐकलं. तिला वाटलं, आपल्याला मोठं काहीतरी होईल, घेरी येईल, रडू येईल. तसं झालं नाही. तिने टेबलावरची लोखंडी पट्टी ओढून घेतली आणि तीन रेषा मोजल्या.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," अप्पांना बोलता आलं.

"म्हणजे माझं लक्ष होतं."

तिने पट्टी खाली ठेवली.

"मी रोज लक्ष देत होते," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज हलला. "मी घरी येऊन खडूने रेघ मारून फिरायचे. मला वाटायचं, मला मन लावता येत नाही. शाळेतही तसंच वाटायचं. गणित चुकलं की वाटायचं, माझं लक्षच नसतं, बाई म्हणतात ते खरंय." तिने अप्पांकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू यायचं ना बाहेर?"

"यायचं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"येताना तुला गोळ्या घेऊन द्यायचो," अप्पा म्हणाले.

हे इतकं खरं होतं की त्यावर रागावताही येईना. लिंबाच्या गोळ्या, कागदाच्या पुडीत. जास्त ओरडा बसला त्या दिवशी दोन पुड्या.

बाबांनी स्टूल मागे सरकवलं. आता ते उठले, भिंगरीच्या हातातला डावा बूट त्यांनी घेतला आणि आत हात घातला. त्याचं वरचं शिवण त्यांचं स्वतःचं होतं. टाके एकसारखे, दोन ओळींत. त्यांचा हात आत बराच वेळ राहिला.

"तेरा वर्षं," ते म्हणाले. "मी वर शिवत होतो आणि खाली हे." ते बायकोकडे वळले. "तूसुद्धा?"

"हो," आई म्हणाली. "चुकलं माझं."

"अजून काय काय आहे? माझा एखादा पाय आखूड आहे का? आत्ताच सांगून टाका, सगळे जमलेत."

कुणी हसलं नाही. मग भिंगरीच हसली, नाक ओढत, आणि त्या हसण्याने बाबांचा चेहरा एकदम विरघळला. त्यांनी बूट खाली ठेवला.

"ती उद्या जाणार," ते म्हणाले.

"अरे, तूच तर..." आत्या म्हणाली.

"मी म्हणत होतो ते सकाळी. ज्या घरात माणसाला त्याचा स्वतःचा पाय सांगत नाहीत, त्या घरात बसून तिने करायचं काय? जाऊ दे. निदान पडायला तरी नीट शिकवतात."

"पण लिहिलं तर घेतील का?" आईने आत्याला विचारलं.

"ठाऊक नाही, वहिनी. खरंच नाही. न लिहिता घेतलं तर दुसऱ्या वर्षी कंबर धरेल. लिहून नाही घेतलं, तर नाही घेतलं."

"मी एक पातळ तळ करून देतो," अप्पा घाईने म्हणाले. "पायाला चिकटेल असा. कातडीच्या रंगाचा. कुणाला दिसणारसुद्धा..." आपण काय बोलतोय हे त्यांना ऐकू आलं आणि ते थांबले.

"तुम्ही सगळे किती बोलता," भिंगरी म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

"विचारतो," अप्पा म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे घेतलं आणि तिच्यासमोर बसले, बूट मोजायला बसतात तसे नाही, डोळ्यांशी डोळे येतील असे. "सांग."

"मला राग आलाय."

"असू दे."

"उद्या गेला नाही तर?"

"तरी असू दे. मी कुठे जात नाही."

तिने डिंकाची बाटली उचलली. तिच्याखाली आपलाच अर्ज बघून आईकडे एकदा पाहिलं. दुसऱ्या पानावरचा 'नाही' तिने एका रेघेने खोडला आणि शेजारी लिहिलं: 'डावा पाय तीन सूत आखूड आहे. मला आजच कळलं.' खाली तारीख घातली.

मग ती अनवाणी दुकानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "आत्या, ये. मला नुसतं उभं राहायचंय. कुठे काय होतं ते दाखव."

दुपारी जेवणं उशिरा झाली. कुणी कुणाला वाढलं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. फक्त बाबा बायकोशी बोलत नव्हते, पण तिच्या ताटात बटाटे संपले तेव्हा भांडं त्यांनीच तिच्याकडे सरकवलं. आईने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि वर मुकाट्याने हेही कबूल केलं की एवढ्यावर हे फिटणारं नाही.

·

महाविद्यालयातल्या तपासणीच्या खोलीत एक वजनकाटा होता, एक पलंग आणि पांढरा कोट घातलेली, चष्मा डोक्यावर चढवलेली एक बाई. बाहेर लांब बाकावर अप्पा आणि आई. भिंगरीचा नंबर एकोणिसावा.

बाईने अर्ज वाचला. चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचला.

"तीन सूत म्हणजे काय?"

"इंचाचे आठ भाग करायचे. त्यातले तीन." भिंगरीला वाटलं, आणखी काही सांगायला हवं. "आमच्या घरी बूट बनवतात."

"असं. उभी राहा. बूट काढून."

बाईने लाकडी पट्ट्यांची एक पेटी उघडली. एक पातळ पट्टी तिच्या डाव्या टाचेखाली सरकवली, कमरेवर हात ठेवला. पट्टी काढली, दुसरी घातली. मग त्या दोन एकावर एक. शेवटी मोजपट्टी लावून तिने आकडा लिहिला आणि भुवया वर केल्या.

"साडेनऊ मिलिमीटर. तीन सूतच. कुणी मोजलं?"

"आजोबांनी."

"कशाने?"

"हाताने."

बाई काही वेळ लिहीत राहिली. "दर वर्षी या चाळिसांत चार-पाच जणी अशा असतातच. बहुतेकींना ठाऊक असतं. लिहून कुणी आणत नाही." तिने कागद फाईलमध्ये ठेवला. "आता ऐक. हे मी आत पाठवणार. आत तिघी बसल्यात, घ्यायचं की नाही ते त्या ठरवतील, आणि कशावरून ठरवतील ते मला ठाऊक नाही. पट्टी चिकटवून देऊ? नाचताना चालते."

भिंगरीने पायाखालच्या लाकडाकडे पाहिलं. त्यावर उभं राहिल्यावर जग कसं सरळ होत होतं ते तिला कळत होतं. कालची अख्खी दुपार तिने त्याशिवाय उभं राहण्यात घालवली होती.

"आज नको," ती म्हणाली. "पुढे लागली तर मागेन."

आतल्या दालनाची जमीन लाकडी होती, थंड, आणि पाऊल टाकलं की किंचित दबणारी. समोर तिघी बायका, त्यांतली मधली फाईल उघडत होती. भिंगरीने पाऊल ठेवायची जागा शोधली, हात उचलले. ताल सुरू झाला. पहिली गिरकी. दुसरी. तिसरीला कंबर डावीकडे उतरायला लागली, नेहमीसारखीच. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याबद्दल स्वतःला काही म्हटलं नाही. चौथीला ती वीतभर गेली. किती गेली ते तिला ठाऊक होतं, आणि थांबायच्या आधी ती तेवढीच परत आली.